घरातलं पडणं घरातच थांबवावं लागेल

गावात वयस्कर माणूस पडलं की त्याबद्दल दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'आता वयच झालं, चालायचंच.' दुसरं, 'किती वेळा सांगितलं, गप एका जागी बसा, पण ऐकतील तर शपथ.' पहिल्यात दोष वयाच्या माथी, दुसऱ्यात पडणाऱ्याच्या. ज्या ओल्या मोरीत पाय घसरला तिची, ज्या अंधारात पायरी चुकली त्याची, ज्या गोळीमुळे उठताना भोवळ आली तिची चौकशी कोणी करत नाही. गोठ्यात साप निघाला तर बीळ शोधून बुजवलं जातं. आजी मोरीत पडल्या तर मोरी तशीच राहते आणि आजींच्या हिंडण्याफिरण्यावर बंदी येते.

खेड्यातल्या घरांमध्ये म्हातारी माणसं पडतात त्याला कारणं आहेत. ती माहीत आहेत, त्यांतली बरीचशी दूर करता येतात, आणि ती दूर करायची तर दवाखान्यात बसून भागणार नाही; त्या घरात जावं लागेल. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

आधी या प्रश्नाचा आकार पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि सर्वांत जास्त बळी साठीपुढच्यांचे जातात. याच संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार पासष्टीपुढच्या दर शंभरांमधले २८ ते ३५ जण दरवर्षी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण आणखी वाढतं. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीवरचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते आणि त्यांतले ७१ टक्के खेड्यांत राहत होते. महाराष्ट्रात तेव्हाच लोकसंख्येचा जवळपास दहावा हिस्सा साठीपार गेला होता. रस्त्यावरच्या अपघातांसाठी आपल्याकडे कायदा आहे, हेल्मेट आहे, गतिरोधक आहेत, सुरक्षा सप्ताह आहे. घरातल्या पडण्यासाठी यातलं काहीच नाही, कारण तो अपघात आहे असं आपण मानतच नाही.

पडणं म्हणजे चार दिवस अंग दुखणं, असा एक समज आहे. तो घातक आहे. साठी-सत्तरीतल्या बाईची हाडं पाळी गेल्यापासून विरळ होत आलेली असतात. त्यात उभ्या उंचीवरून बाजूवर पडलं की खुबा मोडतो. घरचे म्हणतात, 'कंबरेत लचक भरली असेल.' दोन दिवस शेक, तेल, मग हाडवैद्य. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा एक्स-रेची सोय नसते; त्यासाठी तालुक्याला, आणि शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याला जावं लागतं. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी असं शास्त्र सांगतं. इथे निदान व्हायलाच आठवडा उलटतो. 'या वयात ऑपरेशन कशाला' म्हणून काही घरं पेशंटला परत आणतात. मग अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ, लघवीचा जंतुसंसर्ग, पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक वर्षभरात दगावतो असं दिसलं आहे, आणि तेही जिथे शस्त्रक्रिया वेळेवर होते तिथे. आपल्याकडे तीन-चार महिन्यांनी माणूस जातं आणि 'वृद्धापकाळाने निधन' अशी नोंद होते. त्या नोंदीत मोरी नसते, पायरी नसते, अंधार नसतो. ज्याची नोंद नाही त्याचा बंदोबस्त होत नाही.

हाड न मोडताही पडणं माणसाला मोडतं. एकदा पडलेलं माणूस घाबरतं. देवळापर्यंतचं जाणं सुटतं, मग अंगणातलं, मग ओट्यावरचं. घरचेही काळजीपोटी म्हणतात, 'बसून राहा, पाणी आम्ही आणून देतो.' मांड्यांचे स्नायू न वापरल्याने लवकर गळतात. दात गेलेले असतील तर जेवण चहा-बिस्किटं आणि वरणाच्या पाण्यात कालवलेल्या भातावर येतं, म्हणजे स्नायूंना लागणारी प्रथिनंही कमी पडतात. काही महिन्यांत तेच माणूस जमिनीवरून एकट्याने उठेनासं होतं आणि पुढच्या वेळी अधिक सहज पडतं. बसवून ठेवणं ही आपल्याकडची सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत चुकीची काळजी आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता घराकडे पाहू. रात्री दोन वाजता सत्तर-पंचाहत्तरीच्या बाईला लघवीला उठायचं आहे. झोपायला जमिनीवर अंथरूण किंवा कंबर खोल जाईल अशी सैल बाज. उठताना धरायला काही नाही. दिव्याचं बटण दाराजवळ, म्हणजे खोली अंधारातच ओलांडायची. वाटेत नातवाचं दप्तर, चार्जरची वायर, गुंडाळी सुटलेली सतरंजी. मग उंबरठा. मग ओट्याच्या दोन-तीन पायऱ्या, त्याही एकसारख्या उंचीच्या नाहीत आणि बाजूला कठडा नाही. मग अंगण. कोकणात असेल तर जांभ्यावर पावसाळाभर शेवाळ. देशावर असेल तर म्हशीचं दावं, खुंटी, पाण्याच्या पाइपाचं वेटोळं. पायात झिजून गुळगुळीत झालेली स्लिपर, अंगावर पायात येणारं लुगडं, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पाण्याचं टमरेल. म्हणजे सावरायला हात उरलेला नाही. अंगणाच्या टोकाला संडास. त्याला एक उंच पायरी, आत गुळगुळीत टाइल्स, खाली उकिडवं बसायचं भांडं आणि भिंतीला धरायला काही नाही. हीच वाट परत. रात्रीतून दोन-तीनदा.

हा संडास स्वच्छ भारत मिशनच्या १२ हजार रुपयांतून बांधला गेला असेल. उघड्यावर जाण्याची लाचारी संपवणारं ते काम मोलाचं होतं, विशेषतः बायकांसाठी. पण ते मोजताना किती शौचालयं उभी राहिली एवढंच मोजलं गेलं. त्यात म्हातारं माणूस बसू-उठू शकतं का, हे कोणी विचारलं नाही. घरकुलांचंही तेच. पंतप्रधान आवास योजनेतून सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर पक्कं होतं, सारवलेली जमीन जाऊन चकचकीत टाइल्स येतात. पाणी सांडलं की सारवलेली जमीन ते शोषून घेत होती. टाइलवर ते साचून राहतं. घर सुधारलं आणि म्हाताऱ्यांसाठी घसरडं झालं.

दोष घराबरोबर शरीरातही असतो, पण तोही 'वय' म्हणून सोडून देण्यासारखा नसतो. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. तोवर पायरीची कड दिसत नाही. मधुमेहाने तळपायाला बधिरता येते आणि चप्पल कधी निसटली हेही कळत नाही. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनी, झोपेच्या औषधांनी, पाणी कमी पिण्याने, बाजेवरून झटकन उठताना रक्तदाब कोसळतो आणि भोवळ येते. हे ओळखायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आडवं असताना रक्तदाब मोजायचा, उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर औषधांकडे पुन्हा पाहायला हवं. रक्तदाबाचं यंत्र आज उपकेंद्रातही आहे. पण पेशंटला बसवून एकदाच मोजायचं आणि महिन्याच्या गोळ्या हातात द्यायच्या, अशीच रीत पडली आहे.

'घरात कोणीतरी लक्ष ठेवायला असतंच की,' हा शहरात बसून केलेला समज आहे. कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये घराची किल्ली म्हाताऱ्यांकडे आणि मुलं मुंबईत, हे चित्र काही पिढ्यांचं आहे. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिने गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. या काळात आजीच स्वयंपाक करते, पाणी भरते, शेळ्या सोडते. तिला 'बसून राहा' म्हणणं निरर्थक आहे, कारण ती बसली तर चूल पेटणार नाही. आणि ती पडली तर तिला उचलायला आठ वर्षांचा नातू आहे. पडल्यावर तासन्‌तास तसंच जमिनीवर पडून राहावं लागणं हा स्वतंत्र धोका आहे. हाड शाबूत असलं तरी शरीरातलं पाणी कमी होणं, गारठा आणि दाबाच्या जखमा त्या माणसाला खचवतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे, पण तिला बोलावायला हाताशी फोन आणि तो लावण्याचं भान लागतं.

पडणं टाळता येतं याला पुरावा काय, असं कोणी विचारेल. पुरावा भरपूर आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये शंभरावर चाचण्या तपासल्या. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. २०२३ च्या दुसऱ्या आढाव्यात घरातले धोके शोधून दूर केल्याने पडणं सुमारे २६ टक्क्यांनी, आणि आधीच जास्त धोका असलेल्यांमध्ये ३८ टक्क्यांनी कमी होतं असं आढळलं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम इथे सत्तरीपुढच्या बायकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थांबवून न ठेवता लवकर केली, तेव्हा त्यांचं पडणं एक तृतीयांशाने घटलं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने तयार केलेला व्यायामक्रम घरी जाऊन शिकवला जातो आणि प्रशिक्षित परिचारिकाही तो शिकवू शकते. हे आकडे तिकडचे आहेत. आपली घरं वेगळी, सवयी वेगळ्या, म्हणून प्रत्येक टक्का इथे तसाच लागू पडेल असं नाही. पण ताकद, तोल, उजेड, नजर आणि धरायला दांडा या गोष्टी कोणत्याही देशात माणसाला सावरतात.

घरी जाऊन जीव वाचवता येतो, हे तर महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बाळं मरायचीच, असं तेव्हाही लोक म्हणत होते. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभरात गेली आणि आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागली. आयुष्याच्या पहिल्या दीड महिन्यासाठी आपण घरभेटीचं वेळापत्रक आखलं. शेवटच्या दहा-पंधरा वर्षांसाठी तसं काही नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असंही नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीवरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यांत एक असा: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? या प्रश्नासाठी मी तो फॉर्म करणाऱ्यांचा आभारी आहे. नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता. पण उत्तर 'हो' आलं तर पुढे काय? माणसाला आरोग्य केंद्राकडे पाठवायचं. केंद्राला मोरी दिसत नाही, पायरी दिसत नाही, बाजेपासून संडासापर्यंतची वाट दिसत नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात घरभेटीची तरतूद आहे, पण ती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. माणूस अंथरुणाला खिळल्यावर आपण घरी जातो. खिळण्याआधी एकदा गेलो असतो तर?

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. ज्या ज्या फॉर्मवर तोल जाण्याच्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आहे, आणि जी व्यक्ती वर्षभरात एकदा तरी पडली आहे, तिच्या घरी उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने आशाताईंबरोबर जावं. रक्तदाब आडवं आणि उभं, दोन्ही वेळा मोजावा, गोळ्यांची पिशवी उघडून पाहावी, डोळे आणि तळपाय तपासावेत, आणि रात्रीची वाट त्या माणसाबरोबर चालून पाहावी. कुठे दांडा हवा, कुठे दिवा हवा, कुठली पायरी मोडून उतार करायचा, हे कागदावर लिहावं. तो कागद ग्रामपंचायतीला जावा आणि 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात त्याला पैसे मिळावेत. यापुढे सरकारी पैशातून बांधलेल्या प्रत्येक शौचालयात आणि घरकुलाच्या पायरीला धरायचा दांडा असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात लादू नये. आधीच त्यांच्या कामाचा आणि मानधनाचा मेळ नाही. घरभेटीचा मोबदला ठरवून द्यावा.

काठीचंही तेच. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंच्या खात्यात ३ हजार रुपये एकदा जमा होतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा अशा वस्तूंसाठी. योजना चांगली आहे. पण पैसे खात्यात गेले म्हणजे काठी हातात आली असं होत नाही, आणि काठी हातात आली तरी ती बरोबर असेलच असं नाही. हात खाली सोडून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटापाशी यावी. खाली रबरी बूट असावा, नाहीतर नुसता बांबू टाइलवर सटकतो. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात ती धरावी. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, पण सांगणारं माणूस नेमलेलं नाही.

व्यायामाचं नाव काढलं की गावातली म्हातारी माणसं लाजतात, हे खरं. पण आपल्याकडे भजनी मंडळं आहेत. टाळांच्या ठेक्यावर एक पाऊल पुढे, एक मागे, मध्येच वळण, गुडघ्यात लवणं: वारकऱ्यांची पावली म्हणजे तोल आणि पायांची ताकद दोन्ही घडवणारा व्यायाम आहे. एकादशीची वाट न पाहता ती आठवड्यातून तीन संध्याकाळी देवळात झाली, ज्यांना भीती वाटते त्यांनी खांब धरून केली, तर गावाला वेगळी व्यायामशाळा लागणार नाही. जोडीला, जमिनीवरून उठण्याचा सराव. कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर यायचं, बाज किंवा ओटा धरून एक पाय पुढे घ्यायचा. ज्याला पडल्यावर उठता येतं त्याची पडण्याची भीती निम्मी होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, गावात प्यायला पाणी नाही, रस्ता नाही, तिथे म्हाताऱ्यांच्या दांड्याचं काय घेऊन बसलात? पण खुबा मोडला की घरातला एक कमावता माणूस, बहुतेक वेळा सून, कामावरून घरी बसते, शेळ्या विकल्या जातात, कर्ज निघतं. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण मोडलेल्या हाडासाठी सरकार लाखो मोजायला तयार असेल, तर ते मोडू नये म्हणून भिंतीत चार स्क्रू मारायला त्याने नको म्हणू नये. दुसरा आक्षेप म्हाताऱ्यांच्या हट्टाचा: काठी घेत नाहीत, ऐकत नाहीत. काठी म्हणजे हरल्याची खूण, असं त्यांना वाटतं, कारण आपण त्यांना काठीबरोबर बंदी देतो. 'ही घ्या, म्हणजे शेतावर जाता येईल' असं म्हणून दिलेली काठी वेगळ्या हाताने घेतली जाते. त्यांना सुरक्षित ठेवायचं ते हिंडतंफिरतं राहता यावं म्हणून, हे त्यांना आपल्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

सरकार हलेल तेव्हा हलेल. ज्यांचे आईवडील गावी आहेत त्यांच्याशी आता थेट बोलतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मिठाईच्या खोक्याबरोबर दोन मजबूत स्टीलचे दांडे, आपोआप लागणारे दोन दिवे आणि टाचेला पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल घेऊन जा. एक दांडा मोरीत, एक संडासात, गवंड्याकडून पक्का बसवून घ्या. बाजेजवळ हात पोचेल असं बटण काढा. डोळे तपासून आणा. गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांना विचारा, यातली कोणती अजून लागते. शेजारच्या घराशी ठरवा, की सकाळी दार उघडलेलं दिसलं नाही तर हाक मारायची. आणि आईला किंवा आप्पांना विचारा, 'मागच्या वर्षात कधी पडलात का?' बहुतेकांनी ते तुम्हाला सांगितलेलं नसतं, तुम्ही बसवून ठेवाल या धास्तीने. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका. कुठे पडलात ते दाखवा म्हणा, आणि ती जागा दुरुस्त करूनच परत फिरा.

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, गावोगाव ग्रामसभा भरते. येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न मांडा: आपल्या गावात वर्षभरात किती म्हातारी माणसं पडली, आणि कुठे? यादी झाली की ती भिंतीवर लावा आणि पुढच्या वर्षी तिच्याशी तुलना करा.